शून्य क्रमांकाचं वाक्य

"काका, 'दाबा' जरा सावकाश म्हणा. फोनवर ते 'डबा' ऐकू येतंय," रेश्मा तांबोळी काचेपलीकडून म्हणाली आणि माझ्या कानावरच्या हेडफोनमध्ये हसली.

मी पुन्हा म्हणालो, "अस्थिरोग विभागासाठी चार दाबा."

"मस्त. आता पुढचं घ्या लिहून."

तिसऱ्या मजल्यावरची ती कान तपासायची खोली. आमच्या रुग्णालयात बाहेरचा आवाज आत न येणारी तेवढी एकच जागा होती. भिंतींना गादीसारखं जाड काहीतरी ठोकलेलं, आत बसलं की आपला श्वासही मोठा वाटायचा. रेकॉर्डिंगसाठी त्या दिवशी सकाळी ती आम्हाला मोकळी करून दिली होती. रेश्मा पुण्याच्या कंपनीकडून आली होती. वर्षभरापूर्वी याच कंपनीने आमच्या फोनला ते यंत्र जोडलं होतं. फोन लावला की आधी रेकॉर्ड केलेला आवाज यायचा, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. तो आवाज माझा होता. आता काही विभागांच्या जागा बदलल्या होत्या, डॉक्टरांच्या वेळा बदलल्या होत्या, म्हणून जुनी वाक्यं काढून नवी घालायची होती.

मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो. तिसऱ्या वर्षी देवी आल्या आणि माझे डोळे गेले. सोलापुरातल्या त्या ट्रस्टच्या रुग्णालयात मी तेवीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होतो. पाचशेच्या वर नंबर मला पाठ होते आणि दुसऱ्यांदा फोन करणारा माणूस मी 'हॅलो'वर ओळखायचो.

रेकॉर्डिंगची आमची पद्धत ठरलेली होती. रेश्मा वाक्य सांगायची, मी ते ब्रेलच्या पाटीवर टोचणीने टोचून घ्यायचो, कागद उलटा करायचो आणि बोटांनी वाचत बोलायचो. पाठ करून बोललं की आवाज घसरतो, वाचून बोललं की सरळ राहतो. तासाभरात आमची अकरा वाक्यं झाली.

"आता शेवटचं," ती म्हणाली. "शून्याचं."

"ते कशाला बदलायचं? चांगलं आहे की ते."

जुनं वाक्य होतं, 'ऑपरेटरशी बोलण्यासाठी शून्य दाबा.' शून्य दाबलं की फोन माझ्या बोर्डावर यायचा. खेड्यातल्या माणसांना ते एक-दोन-तीन झेपायचं नाही. ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी शून्य दाबायची. मी 'नमस्कार' म्हटलं की एखादी म्हातारी विचारायची, "मगाधरनं बोलत हुतास तो तूच का रं?"

"बदलून आलंय," रेश्मा म्हणाली. "घ्या. 'ऑपरेटरची सेवा बंद करण्यात आली आहे. कृपया आधी सांगितलेल्या पर्यायांपैकी एक निवडा.'"

'बंद'पर्यंत मी टोचत गेलो. मग माझा हात थांबला.

"ताई, हे वाक्य चुकून आलंय."

तिकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "नाही काका. एक तारखेपासून लागू, असं लिहिलंय." मग तिचा आवाज थोडा खाली आला. "तुम्ही निवृत्ती घेताय ना?"

"कोण म्हणालं?"

"तुमचंच पत्र आहे फाइलमध्ये. तुमचा आवाज वापरायचा म्हणून आम्हाला त्याची प्रत लागते."

"त्यात आवाज वापरायची परवानगी आहे. दुसरं काही नाही."

खोलीचं जड दार उघडलं. ती आत येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि तिने मला तो कागद वाचून दाखवला.

"'मी, मल्लिनाथ शिवलिंगप्पा हत्तुरे, टेलिफोन ऑपरेटर, लिहून देतो की, माझ्या आवाजाचे ध्वनिमुद्रण रुग्णालयाच्या दूरध्वनी यंत्रणेत वापरण्यास माझी हरकत नाही. सदर यंत्रणा एक वर्ष समाधानकारक चालल्यास टेलिफोन ऑपरेटर हे पद रद्द करण्यास माझी संमती आहे. त्यानंतर मी स्वेच्छेने सेवानिवृत्त होईन. याबाबत मी कोणतीही तक्रार करणार नाही. वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला असून तो मला मान्य आहे.' खाली तुमची सही आहे काका."

"परत वाचा."

तिने परत वाचलं.

"मला वाचून दाखवण्यात आला, असं आहे ना? कोणी वाचून दाखवला, ते आहे का?"

"साक्षीदाराची सही आहे. अं. ना. येमूल."

अंबादास येमूल आमच्या आवक-जावक विभागात कारकून होता. मी नोकरीला लागलो त्यानंतर चार वर्षांनी तो आला आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या शेजारी डबा उघडून बसला. तेव्हापासून एकोणीस वर्षं आम्ही एकत्र जेवलो. जेवण झालं की तो मला पेपर वाचून दाखवायचा, पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत. घरी आलेलं कुठलंही टपाल मी दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून त्याच्याकडे न्यायचो. माझी बायको महानंदा डोळस, पण ती शाळेत कधी गेली नव्हती. मूल आम्हाला झालं नाही. त्यामुळे विजेच्या बिलापासून भावाच्या पत्रापर्यंत आमच्या घरात जे काही लिहिलेलं यायचं, ते अंबादासच्या तोंडून यायचं. उत्तरंही तोच लिहायचा. मी सांगायचो, तो लिहायचा, मग पोस्टात टाकायचा. सही मात्र मी स्वतः करायचो. खाच पाडलेला एक पुठ्ठा माझ्या खिशात असे. अंबादास तो कागदावर बरोबर जागी धरायचा आणि मी खाचेत सही करायचो. वर्षापूर्वी या कागदावरही त्याने तसाच तो धरला होता.

"ताई, याची एक झेरॉक्स मला द्याल?" मी म्हणालो. "आणि हे शेवटचं वाक्य आपण जेवणानंतर करू."

जेवायला आम्ही रेकॉर्ड रूमच्या मागे बसायचो. तिथे जुन्या फायलींचा वास असे आणि माणसं येत नसत. मी गेलो तेव्हा अंबादासने डबा उघडला होता. शेंगाचटणीचा वास आला.

"उशीर केलास," तो म्हणाला. "रेकॉर्डिंग झालं?"

"एक वाक्य राहिलंय." मी बसलो, भाकरी मोडली आणि मग खिशातली झेरॉक्स काढून त्याच्यापुढे धरली. "हे जरा वाच रे. त्या पुण्याच्या बाईंनी दिलंय. माझ्याजवळ असू दे म्हणाल्या."

त्याने कागद घेतला. घास चावायचा थांबला. त्याने रुमालाला हात पुसले. मग घसा साफ करून, पेपर वाचायचा त्याच चालीत त्याने वाचलं.

"'मी, मल्लिनाथ शिवलिंगप्पा हत्तुरे, टेलिफोन ऑपरेटर, लिहून देतो की, माझ्या आवाजाचे ध्वनिमुद्रण रुग्णालयाच्या दूरध्वनी यंत्रणेत वापरण्यास माझी हरकत नाही. आपला विश्वासू.' मागच्या वर्षी आपण दिलेला तोच आहे की हा."

"एवढंच आहे?"

"एवढंच."

"खाली काय आहे?"

"तुझी सही."

"साक्षीदार वगैरे?"

"याला कशाला साक्षीदार लागतोय? जेव, गार व्हायलंय."

मी लोकांचे आवाज ऐकून पोट भरणारा माणूस. बायको वारलेला माणूस 'वॉर्ड सात द्या' एवढं म्हणाला तरी मला कळायचं. अंबादासला सर्दी होणार हे त्याच्या आधी मला समजायचं. त्या दिवशी तर मी मुद्दाम कान लावून बसलो होतो. तरी मला त्याच्या आवाजात काहीही सापडलं नाही. तो एका अक्षरावरही अडखळला नाही.

"अंबादास," मी म्हणालो, "मधल्या चार ओळी राहिल्या."

"कुठल्या?"

मी त्या म्हणून दाखवल्या. दोनदा ऐकलं की मजकूर माझ्या डोक्यात बसतो. 'तो मला मान्य आहे'पर्यंत मी म्हटलं आणि शेवटी साक्षीदाराचं नाव घेतलं.

त्याने कागद खाली ठेवला.

"कर्णिकसाहेबांनी दोन नावं काढली होती," अखेर तो म्हणाला. कर्णिक म्हणजे आमचे प्रशासक. "तुझं आणि माझं. फोनला यंत्र येणार आणि आवक-जावकला कॉम्प्युटर. दोघांपैकी एकालाच ठेवणार म्हणाले. आंधळ्या माणसाला काढलं तर बोभाटा होतो, त्याने आपणहून लिहून दिलं तर गोष्ट वेगळी. लिहून घेणं तुम्हाला जमेल का, असं मला विचारलं."

"आणि तू जमवलंस."

"सुनंदाचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं, मल्लू. कर्मचाऱ्याची बायको म्हणून होतंय ते. माझी नोकरी गेली की तिची सवलत गेली. दुसऱ्या महिन्यात ती गेली असती."

सुनंदावहिनींचं मला माहीत होतं. त्यांच्या वेळा मीच फोनवर लावून द्यायचो.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर केली असतीस सही?"

"ते तू विचारलंच नाहीस. विचारलं असतंस तर आपल्या दोघांनाही कळलं असतं."

त्याने हातातली भाकरी डब्यात परत ठेवली.

"बरं, मागच्या वर्षी केलंस ते केलंस," मी म्हणालो. "आत्ता का? आत्ता मी कागद हातात दिला होता. आत्ता तरी खरं वाचायचं."

त्याने डब्याचं झाकण लावलं. "तुला वाचून दाखवताना," तो म्हणाला, "मला कायमच थोडं इकडचं तिकडं करावं लागलंय."

"म्हणजे काय?"

उत्तर आलं नाही. त्याच्या चपला रेकॉर्ड रूमच्या दारापर्यंत गेल्या आणि पुढे जिन्यात ऐकू येईनाशा झाल्या. झेरॉक्स त्याने माझ्या डब्याखाली खोचून ठेवली होती.

मी भिंतीला हात लावत पहिल्या मजल्यावर कर्णिकसाहेबांच्या केबिनला गेलो. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी मागवलं.

"हत्तुरे, सही तुमची आहे ना?" ते म्हणाले.

"माझी आहे. पण मला दुसरंच वाचून दाखवलं होतं."

"ते मी कसं ठरवणार? साक्षीदार आहे. येमूलांना बोलावतो. 'मी खोटं वाचलं' असं त्यांनी माझ्यासमोर सांगितलं तर कागद रद्द. मात्र मग त्यांना मी एक दिवसही इथं ठेवणार नाही. बोलावू?"

त्यांनी फोन उचलला. आतल्या फोनचा सूर मला ऐकू आला. आवक-जावकचा नंबर तीनशे बारा. त्यातला पहिला आकडा दाबून ते माझ्यासाठी थांबले.

दुसऱ्या मजल्यावर, आमच्या डोक्यावरच, डायलिसिसचा वॉर्ड होता. त्या दिवशी गुरुवार होता, वहिनींचा दिवस.

"राहू द्या," मी म्हणालो.

"विचार करा."

"राहू द्या साहेब."

रेश्मा कानाच्या खोलीबाहेर बाकावर वाट पाहत बसली होती. "काका, तुम्ही नको म्हणालात तर मी तसं लिहून देईन," ती म्हणाली. "जबरदस्ती नाही. पण शून्य एक तारखेला बंद होणार आहे. वाक्य नसलं तर दाबणाऱ्याला नुसती शांतता ऐकू येईल. लोकांना वाटेल फोन लागलाय, कोणीतरी घेईल."

"किती वेळ वाट बघतील?"

"बघतील जोवर बघायचं तोवर."

मला ती 'तूच का रं' विचारणारी म्हातारी आठवली. मी आत जाऊन बसलो, हेडफोन लावला, पाटी मांडीवर घेतली. "वाक्य मी थोडं बदलतो," मी म्हणालो. "चालेल?"

"बोला तुम्ही. मी बघते पुढचं."

मी टोचून घेतलं, कागद उलटा केला आणि बोटं ठेवून वाचलं. "ऑपरेटरची सेवा बंद झाली आहे. कृपया थांबू नका. तातडीच्या मदतीसाठी एक दाबा."

एकदाच वाचलं. तिने दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं नाही आणि मला ऐकवलंही नाही.

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. मी एक तारखेपासून घरी बसलो. वर्षभराने अंधांच्या एका शाळेत ब्रेल शिकवायचं काम मिळालं, ते मी परवा-परवापर्यंत करत होतो. सुनंदावहिनी त्यानंतर तीन वर्षं जगल्या. अंबादास वेळेवर निवृत्त झाला. तो एकदा घरी येऊन गेला, असं महानंदाने सांगितलं. तिने त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. मी आत होतो, पण त्याचा आवाज मला ऐकू आला नाही. तो काही बोललाच नसेल.

त्या आठवड्यातलं एक मात्र सांगायला हवं. गुरुवारी संध्याकाळी मी महानंदाला सगळं सांगितलं, अंबादास जाता जाता काय म्हणाला तेही. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"मग बाकीचं?" ती म्हणाली.

"बाकीचं काय?"

"एकोणीस वरसं वाचलं की त्यानं. बाकीचं काय वाचलं मग?"

आमच्या घरी आलेला एकही कागद आम्ही टाकलेला नव्हता. सगळे पत्र्याच्या पेटीत होते. शेजारच्या गल्लीत कोरेबाई राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. रविवारी महानंदा त्यांना घेऊन आली. पेटी मधे ठेवून आम्ही तिघं चटईवर बसलो. बिलं, पावत्या, बँकेची पत्रं, सगळं अंबादासने वाचलं होतं तसंच निघालं. मला हलकं वाटायला लागलं होतं. मग माझ्या थोरल्या भावाच्या पत्रांचा गठ्ठा निघाला.

भाऊ गावी होता, अक्कलकोटच्या पुढे. गावात तेव्हा फोन नव्हता. त्याच्या मुलीचं लग्न झालं ते आम्हाला नंतर कळलं. त्याच्या पत्रात, 'घाईत उरकलं, बोलावता आलं नाही, राग धरू नकोस,' असं अंबादासने वाचलं होतं. तेच पत्र कोरेबाईंनी हातात घेतलं. त्या वाचता वाचता थांबल्या.

"वाचा," मी म्हणालो. "आहे तसं वाचा."

"'पुढील महिन्यात शांताचे लग्न आहे. तू येऊ नये. घरात आंधळा आहे हे मुलाकडच्यांना सांगितलेले नाही. त्यांना पिढीजात वाटेल. तू समजूतदार आहेस.'"

देवीने गेलेले डोळे पिढीजात नसतात, हे भावाला माहीत होतं. मी आजारी असताना माझ्या उशाशी तोच बसायचा.

महानंदा हळूच म्हणाली, "बरं झालं की मग, नाही वाचलं त्यानं."

मलाही क्षणभर तसं वाटलं. मला लागू नये म्हणून त्याने ते गिळून टाकलं असेल. त्या पत्राला मी उत्तर सांगितलं होतं तेही मला आठवलं. 'राग नाही, शांताला आशीर्वाद सांग, दिवाळीला येतो.' त्यानंतर भावाचं एकच पत्र आलं. 'प्रकृती बरी नसते, सावकाश लिहीन,' एवढंच त्यात असल्याचं अंबादास म्हणाला होता. मी पुढे दोन पत्रं सांगितली, त्यांचं उत्तर आलं नाही. त्या दिवाळीला मी गेलो नाही. आजारी माणसाकडे कशाला जातोस, असं अंबादास म्हणाला होता. भाऊ वारला ते आम्हाला आठ दिवसांनी, तिसऱ्याच माणसाकडून कळलं. कोरेबाई आमच्या घरी बसल्या होत्या तेव्हा त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"हे त्या लग्नाच्या पत्रानंतरचं आहे," कोरेबाई म्हणाल्या आणि वाचू लागल्या. "'तुझे पत्र मिळाले. माझी चूक झाली, हे लिहिताना मला कमीपणा वाटत नाही. लग्नानंतर तुझ्या पाया पडायला शांताला घेऊन येणार होतो. पण तू लिहिलेस की, तुझ्यासारखा भाऊ नसला तरी आंधळ्याचे अडत नाही, पुन्हा पत्र टाकू नकोस. पत्राखाली सही तुझीच आहे, म्हणून मानतो. एकदा तरी ये म्हण, मी येईन. नाही म्हणालास तर यापुढे त्रास देणार नाही.'"

कागदाची घडी झाल्याचा आवाज आला.

"तुम्ही सांगितलं होतं असं लिहायला?" महानंदाने विचारलं.

"नाही."

माझ्या वतीने रागावून अंबादासने ते लिहिलं असेल. खाली त्याने पुठ्ठा धरला असेल आणि मी सही केली असेल. मी हात पुढे केला. कोरेबाईंनी पत्र माझ्या हातात दिलं. मी त्यावरून बोटं फिरवली. शाईच्या कागदावर बोटांना काही लागत नाही.

"पुढचं वाचा," मी म्हणालो.

"पुढचं नाही हो," कोरेबाई म्हणाल्या. "हे शेवटचं आहे."